सूर्याकडून डोंगराकडे

वोनोसिदीच्या सरकारी शाळेत नववीला गणित शिकवणारे पाक वासितो (‘पाक’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’) यांना डावं-उजवं कळत नसे. माणसामाणसांत ते डावं-उजवं करत नसत, अशा थोर अर्थानं हे म्हणत नाही. आपला डावा हात कोणता आणि उजवा कोणता, एवढंच त्यांना चटकन सांगता येत नसे. जेवताना चूक झाली नाही कधी. घास कुठल्या हातानं घ्यायचा हे हाताला ठाऊक होतं. पण ‘उजवा’ हा शब्द कानावर पडला की त्यांना मनातल्या मनात भाताचा घास उचलून बघावा लागे, आणि तो कुठल्या बाजूनं वर आला त्यावरून उत्तर ठरे. तोवर प्रश्न विचारणारा पुढं निघून गेलेला असे.

हे व्यंग पाक वासितो वयात येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वोनोसिदीत डाव्या-उजव्यावाचून कुणाचंच अडत नाही. उत्तरेला मेरापी डोंगर आहे, तो धुमसत असो वा नसो, जागा सोडत नाही. दक्षिणेला उतार आहे आणि उताराच्या शेवटी समुद्र. राहिल्या पूर्व आणि पश्चिम, त्या सूर्य रोज दाखवून जातो. मिठाची बरणी साखरेच्या पूर्वेला असते. बाकावर माणूस बसला असेल तर ‘जरा दक्षिणेला सरका’ म्हणतात. दाढ दुखत असेल तर डॉक्टरच्या खुर्चीचं तोंड कुठं आहे ते आधी बघावं लागतं, मग कुठली दाढ ते सांगता येतं.

पंचाईत झाली ती अध्यापक महाविद्यालयासाठी समरांगला गेल्यावर. तिथं डोंगर दक्षिणेला आहे आणि समुद्र उत्तरेला. ज्यानं कुणी हे शहर बसवलं त्यानं दक्षिणेकडच्या माणसांचा विचार केला नव्हता. तरुण वासितो बाजाराला म्हणून निघत आणि बंदरावर पोचत. आल्यासारखं मासे घेऊन परत येत. खोलीतल्या पोरांना वाटे, ह्याला माशांचं भारी वेड.

कवायत आठवड्यातून एकदा असे. ‘उजवीकडे वळ!’ म्हटलं की सगळी रांग वळे, आणि वासितो पुढच्याच्या मानेकडे बघून वळत. एकदा पुढचा आजारी पडला. हुकूम झाला, वासितो वळले, आणि शेजारच्या पोराशी त्यांची नाकाला नाक लागायची वेळ आली.

“काय?” तो म्हणाला.

“काही नाही,” वासितो म्हणाले.

त्यानंतर शिक्षण संपेपर्यंत ते रांगेच्या मधोमधच उभे राहिले.

नोकरी सुदैवानं गावातच लागली. लग्न पार्तिनीशी झालं. ती गावच्याच दक्षिणेकडची, घरी सोयाबीनचं तेम्पे करून विकणारी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. नवऱ्याचं गुपित तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. दोघं मोटारसायकलवरून शहरात चालली होती. चौकातला पोलीस म्हणाला, पुढं डावीकडे वळा. पाक वासितोंनी गाडी थांबवली. त्यांच्या एका हाताची बोटं जुळून आली.

मागून पार्तिनी म्हणाली, “अहो, चौकात भात कालवताय काय?”

“जरा थांब.”

“पश्चिमेला म्हणतोय तो. घ्या पश्चिमेला.”

पाक वासितोंनी गाडी पश्चिमेला घेतली. बराच रस्ता गेल्यावर पार्तिनी म्हणाली, “आणि तुम्ही पोरांना गणित शिकवता.”

“गणितात डावं-उजवं नसतं,” पाक वासितो म्हणाले.

हे बरंचसं खरं होतं. पण नववीच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात ते असल्यासारखं होतं. चौकटीच्या कागदावर एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष, दोघं जिथं छेदतात तो आरंभबिंदू. बाजूला एक त्रिकोण. तो आरंभबिंदूभोवती फिरवायचा. पाव फेरा, अर्धा फेरा, कधी घड्याळाच्या काट्यांसारखा, कधी काट्यांच्या उलट. मग त्रिकोणाचे कोपरे कुठं जाऊन पडले त्यांचे आकडे लिहायचे.

घड्याळ वर्गात होतं. फळ्याच्या वर लावलेलं. पण ते पाक वासितो रुजू व्हायच्या आधीपासून बंद होतं, आणि बंद घड्याळाचे काटे कुणीकडे फिरतात हे पोरांना कसं दाखवणार? पुस्तक म्हणे, धन फिरवणी, म्हणजे काट्यांच्या उलट, ती उजवीकडून वर. हे वाक्य वर्गात वाचायचं तर आधी घास उचलणं आलं. पाक वासितोंनी ते कधीच वाचलं नाही. त्यांनी स्वतःची रीत काढली.

फळा उत्तरेच्या भिंतीवर होता. उभा अक्ष काढला की त्याच्या टोकाशी ते एक लहानसा डोंगर काढत, दोन रेघांचा. खरा डोंगर बरोबर त्याच्या पाठीमागं, भिंतीपलीकडं उभा. पूर्वेला खिडकी होती, आणि सकाळच्या तासाला सूर्य तिच्यातून आत येई, थेट आडव्या अक्षाच्या टोकावर. म्हणून सूर्य त्यांनी कधी काढला नाही. जो रोज स्वतःच्या पायांनी हजर होतो त्याचं चित्र कशाला काढायचं?

“घड्याळाच्या उलट म्हणजे काय?” ते विचारत.

“सूर्याकडून डोंगराकडे!” सगळा वर्ग ओरडे.

“आणि घड्याळासारखं म्हणजे?”

“डोंगराकडून सूर्याकडे!”

मग पोरं जाड कागदाचा त्रिकोण कापत, अक्षाच्या चौकटीवर टाचणीनं टोचत आणि फिरवत. शाळेत बाकी गणिताचं सगळं यथातथा होतं, पण ह्या धड्यात वोनोसिदीच्या पोरांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. अपूर्णांकात रडणारी पोरंसुद्धा त्रिकोण डोळे मिटून फिरवत. हेडमास्तर पाक हार्जांतो बैठकांमधून सांगत, आमच्याकडे फिरवणी फार छान होते. ऐकणाऱ्यांना ते नृत्याबद्दल बोलतायत असं वाटे.

अशी बरीच वर्षं गेली. पाक वासितोंचे केस पांढरे झाले. पार्तिनीचं तेम्पे तीन गावांत जाऊ लागलं. मग भूकंप झाला. वोनोसिदीत माणसं वाचली, पण शाळेची एक बाजू बसली. मदत आली आणि पडक्या बाजूला दोन नवे वर्ग उभे राहिले. त्यांचा आराखडा वरून आला होता, सगळ्या शाळांना एकच, आणि त्यात डोंगर नव्हता. दार रस्त्याकडे पाहिजे म्हणून गवंड्यानं दार उत्तरेला ठेवलं आणि फळा दक्षिणेच्या भिंतीवर ठोकला. खिडक्या मोठ्या होत्या, पूर्वेला. पत्रे नवे, बाक नवे. पाक हार्जांतो म्हणाले, हे वर्ग आपण परीक्षेला उघडू, शुभ होईल.

परीक्षा जिल्ह्याची होती. तिच्या गुणांवर पुढच्या शाळा ठरत. क्रमांकाप्रमाणं अर्धी नववी जुन्या वर्गात बसली, अर्धी नव्यात. नव्यातल्या पोरांना भाग्यवान म्हणत होते. बाकांना अजून रंगाचा वास येत होता आणि सूर्य खिडकीतून भरभरून आत येत होता.

निकाल लागायच्या आधी एके दिवशी पाक हार्जांतोंनी पाक वासितोंना कचेरीत बोलावलं. पाक हार्जांतो मृदू माणूस. वाईट बातमी द्यायची तर आधी चहा, मग पावसाची चौकशी, मग घरच्यांची. त्या दिवशी त्यांनी पार्तिनीच्या भावाच्या बदकांचीसुद्धा चौकशी केली.

“जिल्ह्याहून एक बाई यायच्यात,” शेवटी पाक हार्जांतो म्हणाले. “सहज.”

“कशाला?”

“सहज म्हणजे… चौकशीला.”

त्या जिल्ह्याच्या बाई, बू तिउर्मा, दुसऱ्या दिवशी आल्या. त्या मूळच्या सुमात्राच्या, बटाक लोकांतल्या. त्यांच्याकडे चहाच्या आधी बातमी सांगतात. पिशवीतून त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला.

“तुमच्या नव्या वर्गातल्या पोरांनी कॉपी केलीय.”

“अरेरे,” पाक हार्जांतो म्हणाले. “चहा घेता ना?”

“फिरवणीचे प्रश्न बघा. जुन्या वर्गात सगळे बरोबर. नव्या वर्गात सगळे चूक. आणि चूक तरी कशी? एकसारखी! (३, १) हा बिंदू पाव फेरा, काट्यांच्या उलट. उत्तर (−१, ३). ह्या पोरांनी काय लिहिलंय? (१, −३). एकानं नाही, सगळ्यांनी. पाक वासितो, वेगवेगळी पोरं वेगवेगळं चुकतात. एकजात सगळी तसंच चुकत असतील तर कुठून तरी एक चुकीचं उत्तर आत आलंय. आणि हे बघा.” त्यांनी एका पत्रिकेवर बोट ठेवलं. उभ्या अक्षाच्या टोकाशी पेन्सिलीनं दोन रेघांचा डोंगर होता. “ही खूण. प्रत्येक पत्रिकेवर आहे. टोळीची खूण असावी.”

“तो मेरापी आहे,” पाक वासितो म्हणाले.

“काय?”

“डोंगर. मीच काढायला शिकवलाय.”

बू तिउर्मांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. पाक हार्जांतोंनी चहात साखर घातली, मग आठवलं की आधीच घातलीय.

“जुन्या वर्गातल्या पोरांनीही काढलाय ना?” पाक वासितोंनी विचारलं.

“काढलाय.”

“मग ती सगळी एका टोळीतली असून बरोबर कशी?”

“तेच शोधायला मी आलेय.”

पाक वासितोंनी पत्रिका चाळल्या. वरून सातवी प्रिहातिनची होती. वाळूचा ट्रक चालवणाऱ्या सुजाकची मुलगी, वर्गात पहिली. तिच्या पत्रिकेवर बाकी सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या आणि फिरवणीत चार फुल्या. शहरातल्या मोठ्या शाळेत जायचं तिचं दोन वर्षांपासून ठरलं होतं. ती चोरून बघणारी पोरगी नव्हती. उलट शेजारच्यानं बघू नये म्हणून पत्रिका हातानं झाकणारी होती, आणि त्याबद्दल वर्गात तिच्याविषयी कुणी चांगलं बोलत नसे.

“आणखी एक विचित्र आहे,” बू तिउर्मा म्हणाल्या. “अर्ध्या फेऱ्याचे प्रश्न मात्र नव्या वर्गातही सगळ्यांचे बरोबर. पाव फेऱ्याचे सगळे चूक. ज्यानं फोडून दिलं त्याला अर्धंच गणित येत होतं म्हणायचं.”

पाक वासितोंचा हात थांबला. अर्धा फेरा कुणीकडूनही घ्या, त्रिकोण तिथंच जाऊन पडतो. तिथं दिशा विचारत नाहीत. पाव फेऱ्याला विचारतात.

“मी आलोच,” ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

नवा वर्ग रिकामा होता. ते प्रिहातिनच्या बाकावर जाऊन बसले. समोर फळा होता. पाठीमागं दार, आणि दारातून, मान वळवली तर, मेरापी दिसत होता. एका बाजूनं सूर्य तोंडावर येत होता, आणि ती बाजू जुन्या वर्गातली नव्हती. पाक वासितोंनी बाकावर बोटानं आडवी रेघ ओढली, उभी रेघ ओढली, उभ्या रेघेच्या टोकाशी डोंगर काढला, आणि सूर्याकडून डोंगराकडे बोट फिरवलं. मग त्यांनी तेच जुन्या वर्गाच्या आठवणीनं पुन्हा केलं. दोन्ही वेळा बोट वेगळ्या बाजूनं गेलं.

त्यांनी पोरांना डोंगर कागदावर दिला होता आणि सूर्य खिडकीत ठेवला होता. डोंगर पोरांबरोबर नव्या वर्गात आला. सूर्य आपल्या जागी राहिला.

हे सांगायचं म्हणजे नुसती फळ्याची गोष्ट सांगून भागणार नव्हतं. डोंगर आणि सूर्य कशाला, साधं उजवीकडे-डावीकडे का नाही शिकवलं, हा पुढचा प्रश्न बू तिउर्मा विचारणारच. गावात आजवर हे फक्त पार्तिनीला माहीत होतं, आणि तिनं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या फटकळ बाईनं एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली होती.

ते कचेरीत परत गेले आणि सगळं सांगितलं. घासासकट.

बू तिउर्मा म्हणाल्या, “तुम्हाला डावं-उजवं कळत नाही.”

“विचार केला तर कळतं.”

“आणि तुम्ही भूमिती शिकवता.”

“बायको पण असंच म्हणते.”

“पाक वासितो, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कारणं ऐकलीत. पत्रिका बकरीनं खाल्ली हेही ऐकलंय. पण पोरं डोंगरामुळं चुकली हे पहिल्यांदाच ऐकतेय.” त्या उठल्या. “मुलीला बोलवा.”

प्रिहातिन आली ती रडून आली होती हे दिसत होतं. शाळेच्या फाटकापाशी बातमी तिच्याआधी पोचली होती. बू तिउर्मांनी तिला आधी जुन्या वर्गात नेलं, खडू दिला आणि म्हणाल्या, (२, ५), पाव फेरा, काट्यांच्या उलट. प्रिहातिननं अक्ष काढले, डोंगर काढला, खिडकीकडे एकदा बघितलं आणि लिहिलं, (−५, २). बरोबर.

मग नव्या वर्गात नेलं. तेच विचारलं. प्रिहातिननं अक्ष काढले, डोंगर काढला, खिडकीकडे बघितलं आणि लिहिलं, (५, −२).

“आत्ता तिकडं काय लिहिलं होतंस?” बू तिउर्मांनी विचारलं.

प्रिहातिन फळ्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं तसा तिचा चेहरा बदलत गेला. तिनं मागं वळून दाराबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पाक वासितोंकडे. खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि निघून गेली.

बू तिउर्मा स्वतः फळ्यापाशी गेल्या. एकदा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, एकदा दाराकडे. हातानं हवेत गोल काढले, आधी एकीकडून, मग दुसरीकडून.

“मला आता समुद्र कुठं आहे तेही कळेना,” त्या म्हणाल्या.

“ह्या भिंतीपलीकडं,” पाक वासितो आणि पाक हार्जांतो एकदम म्हणाले.

“पाक वासितो, एक विचारू? सूर्य पण का नाही काढलात? डोंगर काढता, बाजूला एक गोल काढायचा. खडू काय तुमच्या घरचा होता?”

सूर्याची बाजू बदलू शकते, हे इतक्या वर्षांत पाक वासितोंच्या मनातही आलं नव्हतं.

कॉपीचा आरोप त्याच दिवशी मागं घेतला गेला. अहवालात काय लिहायचं ह्यावर बू तिउर्मांनी बराच विचार केला आणि शेवटी ‘बैठकव्यवस्था मुलांच्या सवयीची नव्हती’ असं लिहिलं. पण पाक वासितोंनी विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीला त्यांनी साफ नकार दिला. चुकलेल्या उत्तरांचे गुण मिळणार नव्हते.

“पोरांची चूक नाहीये,” पाक वासितो म्हणाले.

“पोरांची नाही, कबूल. पण उत्तर चूक आहे. (१, −३) ला मी (−१, ३) म्हणू का? उद्या दुसऱ्या गावची पोरं सांगतील आमच्याकडे नदी होती.” त्यांनी पिशवी उचलली. जाता जाता त्या थांबल्या. “मला वाईट वाटतंय. पण नाही.”

पाक वासितोंना त्या बाईचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपणही हेच म्हटलं असतं, हे त्यांना पटत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

निकाल लागला. बहुतेक पोरांना काही फरक पडला नाही. त्यांना जवळच्याच शाळेत जायचं होतं आणि ती कुणालाही घेई. प्रिहातिनचं शहरातल्या शाळेचं नाव थोडक्यात हुकलं.

त्या संध्याकाळी पाक वासितो तिच्या घरी गेले. पार्तिनी म्हणाली, मी येते. ते म्हणाले, नको. मग तिनं तेम्पेची पुडकी बांधून हातात दिली. “रिकाम्या हातानं माफी मागायला जाऊ नका, वाईट दिसतं.”

सुजाक नुकताच नदीवरून आला होता. ट्रकची वाळू अजून त्याच्या केसांत होती. त्यानं गुरुजींना आग्रहानं ओसरीवर बसवलं, बायकोनं गोड चहा आणि तळलेला कंद आणला. पाक वासितोंनी चहाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं. आपली चूक, आपलं व्यंग, सगळं.

सुजाक ऐकत राहिला आणि मग हसला. “एवढंच होय, पाक? माझा क्लीनर नवा होता तेव्हा मागून ‘डावीकडं घे, डावीकडं घे’ ओरडायचा. मी ट्रक दोनदा ओढ्यात घातला. आता ‘पूर्वेला घे’ म्हणतो, सगळं झ्याक आहे. तुम्ही घ्या हो कंद.”

“तुझ्या मुलीची शाळा गेली, सुजाक.”

सुजाकचं हसू ओसरलं. “ते आहे,” तो म्हणाला. “ते तिला विचारा. मला त्यातलं कळत नाही.”

प्रिहातिन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कधीपासून ते कुणाला कळलं नाही.

“पुस्तकात लिहिलं होतं,” ती म्हणाली. “उजवीकडून वर. मी घरी वाचलं होतं. तुम्हाला वर्गात विचारणार होते, की हे आणि सूर्य-डोंगर एकच ना. पण मग म्हटलं, सर सांगतायत तर कशाला.”

“विचारायला हवं होतंस,” सुजाक म्हणाला.

“परीक्षेत मला दोन्ही आठवत होतं. पुस्तकातलं पण. दोन्हींची उत्तरं वेगळी येत होती.” ती पाक वासितोंकडे बघत बोलत होती, आणि बापासमोर कुणा गुरुजींशी असं डोळ्याला डोळा भिडवून कुणी बोलत नाही. “मी तुमचं घेतलं.”

तिच्या आईनं हलक्या आवाजात “प्रिहातिन” म्हटलं. पाक वासितो म्हणाले, “बोलू दे तिला.” पण ती आत गेली. पाक वासितोंनी चहा संपवला, कारण न संपवणं बरं दिसलं नसतं, आणि घरी आले.

पार्तिनीनं विचारलं, “काय म्हणाली?”

“खरं तेच म्हणाली.”

“मग आता काय करणार?”

“घड्याळ आणणार.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून घड्याळ आणलं, चालतं, आणि जुनं काढून त्या जागी लावलं. मग घरी बसून शिकायला लागले. पार्तिनी तेम्पेची पानं गुंडाळता गुंडाळता मध्येच ओरडे, “उजवा!” आणि पाक वासितोंनी घास न उचलता हात वर करायचा. पहिले काही आठवडे चुकीचा हात वर यायचा आणि ती म्हणे, “तो धुवायचा, तो नव्हे.” पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही शिकवणी जड गेली. पण पावसाळा संपेस्तोवर त्यांचा हात बहुतेक वेळा बरोबर वर येऊ लागला. रस्त्यात मात्र त्यांनी ह्याचा उपयोग कधी केला नाही. रस्त्यात पार्तिनी मागं असे.

वर्गात ते आता तिन्ही शिकवत. सूर्य-डोंगर, घड्याळ आणि पुस्तकातलं उजवीकडून वर. सूर्य फळ्यावर काढत, भला मोठा, किरणांसकट. आणि तिन्हींचं उत्तर एकच आलं नाही तर हात वर करायचा, परीक्षेत असलात तरी करायचा, असं बजावत. पोरांना हे कंटाळवाणं वाटे. पूर्वी ह्या धड्यात मजा होती असं पुढच्या शाळेत गेलेली पोरं सांगत. फिरवणीत वोनोसिदीचे गुण पूर्वीइतके राहिले नाहीत. हात वर करणारी पोरं फार झाली, आणि वेळ पुरेना. पाक हार्जांतोंनी बैठकांत तो विषय काढणं सोडून दिलं.

नव्या वर्गातला फळा उत्तरेच्या भिंतीवर घ्यावा असाही ठराव झाला. पण तिथं दार होतं. ठराव आहे तसा राहिला.

ईदला आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, गुडघ्यावर बसून वर्षाच्या चुकांची माफी मागायची आणि मग खायचं, अशी रीत आहे. पाक वासितोंच्या घरी त्या दिवशी जुन्या-नव्या पोरांची रीघ लागे. त्या वर्षी प्रिहातिन आली नाही. सुजाक आला, बायको आली, धाकटा भाऊ आला. पोरीला बरं नाही म्हणाले. पार्तिनीनं तिच्या वाटणीचं डब्यात भरून दिलं आणि कसं बरं नाही ते विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ती आली. एकटीच, सकाळी सगळ्यांची गर्दी व्हायच्या आत. जवळच्या शाळेतच ती शिकत होती, तिथंही पहिली होती, आणि सुट्टीत बापाच्या वाळूचा हिशेब बघत होती. उंच झाली होती. रीतीप्रमाणं ती गुडघ्यावर बसायला वाकली, पण पाक वासितो तिच्याआधी खुर्चीतून उतरून चटईवर बसले. गुडघे दुखत असल्यानं त्यांना वेळ लागला, आणि ती अर्धवट वाकलेली तशीच थांबून राहिली.

“आधी मी,” ते म्हणाले. “माझी चूक मोठी आहे. माफ कर, पोरी.”

स्वयंपाकघराच्या दारात पार्तिनी हातात नारळाच्या रश्शाचं भांडं घेऊन उभी राहिली. मोठ्यानं लहानापुढं वाकायचं असं गावात कुणी करत नसे.

प्रिहातिन त्यांच्यासमोर चटईवर टेकली. मग म्हणाली, “सर, पूर्ण नाही करता येणार अजून.”

“बरं.”

“थोडं केलंय.”

“थोडं चालेल,” पाक वासितो म्हणाले.

मग तिनं आपली माफी मागितली. परीक्षेनंतर वर्षभर रस्त्यात दिसलात तरी मुद्दाम दुसऱ्या गल्लीनं गेले, ह्याबद्दल. त्यांनी माफी दिली. पार्तिनी म्हणाली, आता उठा दोघं, भात निवतोय. प्रिहातिननं सरांना उठायला हात दिला आणि ती दोघं जेवायला बसली. ती जेवली पण भरपूर. जाताना तिनं नव्या शाळेतल्या गणिताच्या सरांबद्दल तक्रार केली, ते फार भरभर शिकवतात म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात पुस्तक घेऊन येऊ का असं विचारलं.

“ये,” पाक वासितो म्हणाले. “दुपारी ये. सकाळी तेम्पेची धांदल असते.”